मिरी कुलाची नोंद : तिसरा पावसाळा

भुसावळच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, मिरी कुलातले, म्हणजे मिरीच्या वनस्पती-कुटुंबातले, वेल जगवण्याच्या माझ्या खटाटोपाला आता तिसरे वर्ष लागले आहे. शेवरीवर चढवलेली पानवेल उत्तम आहे. पानमळे या भागाला नवे नाहीत, तालुक्यातल्या एका गावाचे नावच मुळी कुऱ्हे पानाचे आहे. यंदाची खरी नोंद मात्र दुसऱ्या वेलाची आहे.

हा वेल मी एका रोपवाटिकेतून मिरी म्हणून आणला होता. पाने हृदयाकृती, पेरे फुगीर, पान चुरगळल्यावर तिखटसर वास; शंका आली नाही. गेल्या आठवड्यात फुलांची पहिली कणसे आली आणि ती मिरीसारखी लोंबण्याऐवजी सरळ उभी राहिली. मग निरखून पाहिले, तेव्हा खालच्या पानांना लांब देठ, तर फुलोऱ्याजवळची पाने देठाविना खोडाला बिलगलेली आढळली. ही पिंपळी, शास्त्रीय नाव पायपर लाँगम. भिंगाखाली फुलाला संदले-प्रदले, म्हणजे बाहेरची हिरवी दले आणि पाकळ्या, काहीच दिसली नाहीत. छत्रीसारखे इवले छद (फुलाखालची पानासारखी दले) आणि त्यांच्या आडोशाला फक्त पुंकेसर, म्हणजे पराग देणारे नर भाग. पिंपळीत नर-मादी वेल वेगळे असतात, त्यामुळे माझ्या वाट्याला नर आला आहे आणि फळ धरणार नाही.

मिरी, पिंपळी आणि नागवेल (पानवेल) या तिन्ही जाती वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली पायपर याच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) नोंदवल्या. कुलाच्या ३,००० हून अधिक जातींपैकी जवळजवळ सगळ्या पायपर आणि पेपेरोमिया या दोन प्रजातींतच सामावतात. पेपेरोमियाच्या फुलात पुंकेसर दोनच आणि किंजल्क (पराग झेलणारे मादी टोक) एकच असतो. पिंपळीचे खोड आडवे कापले, तर वाहक वृंद (पाणी व अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे) मक्यासारखे विखुरलेले दिसतात. तरीही हे कुल मक्यासारखे एकदलिकित (बीजात एकच दल असलेले) नाही आणि आजच्या वर्गीकरणात खऱ्या द्विदलिकितांतही बसत नाही. सीताफळ आणि दालचिनी यांचे गण (कुलांचे मोठे गट) हेच याचे जवळचे नातलग होत. मिरीवरून नाव घेतलेली मिरची मात्र वांग्याच्या कुलातली, म्हणजे आपल्या भरितात दोन सख्खे नातेवाईकच एकत्र येतात.

मादी पिंपळीच्या शोधात आहे. कोणी वेलाचा फाटा देणार असेल, तर कृपया कणसासकट द्यावा, म्हणजे नर की मादी ते ओळखता येईल.