तेलात तुम्ही नक्की काय घालता?

सोयाबीन तेलाच्या रिफायनरीत केमिस्ट आहे म्हटलं की पंगतीत बसल्याजागी लोक विचारतात, "तेल एवढं स्वच्छ दिसायला त्यात काय काय घालता हो?" परवा मावशी, तुम्हीही विचारलंत. म्हणून नीट सांगतो.

घालतो, हे खरं. पण घातलेलं काढूनही घेतो. कच्चं तेल गडद, तपकिरी असतं आणि त्याला कच्च्या सोयाबीनच्या दाण्याचा वास येतो. पाणी आणि थोडं फॉस्फोरिक ॲसिड घातलं की त्यातला चिकट गम फुगतो आणि वेगळा काढता येतो. चॉकलेटात पडणारं लेसिथिन त्यातूनच होतं. मग कॉस्टिक सोडा. तेलातल्या मोकळ्या फॅटी ॲसिडशी, म्हणजे तेलाला आंबट करणाऱ्या आम्लाशी, मिळून त्याचा साबण होतो. तो सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या यंत्रात, वेगळा काढायचा आणि तेल गरम पाण्यानं धुवायचं.

पुढं ब्लीचिंग, म्हणजे तेलाचा रंग काढणं. हे नाव ऐकलं की लोक दचकतात. कपड्यांचं ब्लीच यात कुठंच नाही. आम्ही घालतो ती माती असते, ॲसिडनं तयार केलेली. ती रंग धरून ठेवते आणि फिल्टरवर अडकते. वापरलेल्या तेलकट मातीचा ढीग हवेनं आपोआप तापून पेटूही शकतो, त्यामुळे तिच्यावर आमचं बारीक लक्ष असतं.

शेवटी डिओडोरायझर, म्हणजे वास काढणारं यंत्र. जवळपास पूर्ण निर्वात टाकी, 240 अंशांच्या आसपास तापलेलं तेल आणि त्यातून बुडबुडणारी वाफ. आत हवा असती तर एवढ्या उष्णतेत तेल खराब झालं असतं. वाफेबरोबर वास जातो, दाण्यातून तेल काढायला वापरलेलं हेक्झेन नावाचं द्रावक उरलंसुरलं असेल तर तेही जातं. पण थोडं ई जीवनसत्त्वही जातं, हे मी कुणापासून लपवत नाही. तापमान किंवा वेळ वाढली तर ट्रान्स फॅटही वाढतं, म्हणून रात्रपाळीत माझी नजर त्या काट्यावरून हलत नाही.

मग नमुना येतो. फ्लास्कमध्ये तेल, अल्कोहोल, आणि अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थेलिनचे दोन-तीन थेंब. वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, अल्कली थेंबाथेंबानं सोडायची आणि फिकट गुलाबी छटा टिकली की हात थांबवायचा. जितके कमी थेंब लागले तितकं आम्ल कमी. त्यानंतर कोमट तेल नाकाशी धरतो. दाण्याचा वास आला, तर ते पुढं जात नाही.

माझ्या घरी तळणाला हेच तेल असतं. शेंगदाण्याच्या चटणीवर मात्र घाण्याचं, कारण तिथं मला तेलाचा वास हवा असतो.