जीएफ किती ठेवायचा?

डाइव्ह कम्प्युटरवरचे जीएफचे (ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे वर येताना किती मोकळीक घ्यायची त्याची टक्केवारी) ३०/७० किंवा ४०/८५ हे दोन आकडे बरेच जण कुणीतरी सांगितले म्हणून ठेवतात. काही जण ‘जास्त सेफ’ म्हणून दोन्ही खाली ओढतात. यातला दुसरा आकडा, जीएफ हाय, कमी करण्यात अर्थ आहे. पहिला, जीएफ लो, कमी करण्यात बहुतेक वेळा तोटाच होतो.

जीएफ ज्यावर चालतो त्या ब्युलमानच्या झेडएचएल-१६सी मॉडेलमध्ये नायट्रोजन शोषणारे शरीराचे १६ काल्पनिक कप्पे धरले आहेत. सर्वात वेगवान कप्प्याचा हाफ-टाइम (निम्मा भरायला किंवा रिकामा व्हायला लागणारा वेळ) ४ मिनिटं, सर्वात संथ कप्प्याचा ६३५. एखादा कप्पा त्या त्या खोलीवर जास्तीत जास्त किती नायट्रोजन सोसेल ती मर्यादा म्हणजे एम-व्हॅल्यू. भोवतालचा दाब ० टक्के आणि एम-व्हॅल्यू १०० टक्के धरली, तर त्यातलं किती वापरायचं ते जीएफ सांगतो. वर येताना डेकोचा, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून सक्तीने घ्यायचा, पहिला थांबा लो ठरवतो, पृष्ठभागावर येण्याची मर्यादा हाय ठरवतो, आणि मधले थांबे दोघांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडतात. डेको नसलेल्या डाइव्हमध्ये लोचा जवळपास काही संबंध येत नाही. नो-डेको वेळ, म्हणजे थांबे न घेता वर येता येईल इतकी वेळ, हायवरच ठरते.

हाय कमी केला की किती किंमत पडते, ते एका कप्प्यावर मोजून बघू. ७७ मिनिटांच्या कप्प्याची पृष्ठभागावरची एम-व्हॅल्यू साधारण १.५२ बार. हाय ८५ ठेवून वर यायचं तर त्यात १.४४ बार नायट्रोजन चालतो, ७० ला १.३७. डेको त्याच कप्प्यावर अडलेला असेल, तर हा फरक ३ मीटरवर साध्या हवेने भरून काढायला सुमारे २० मिनिटं लागतात. मिनिटाला १८ लिटर श्वास धरला तर १.३ बारला ती ४७० लिटर हवा झाली, म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरमधले जवळजवळ ४० बार. तोच फरक ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजनने ६ मिनिटांत निघतो, १८० लिटरमध्ये. म्हणून डेको गॅस (थांब्यांवर घ्यायचा जास्त ऑक्सिजनचा वायू) नसताना ७० चा हट्ट धरण्याआधी आपल्याकडे तेवढी हवा आहे का, आणि डेको गॅस हरवला तर काय, हे दोन्ही लिहून काढा. साठा अपुरा असेल तर बॉटम टाइम कमी करा.

आता लो. लो २० केला की पहिला थांबा खोल जातो. तिथे वेगवान कप्पे रिकामे होतात खरे, पण मधले आणि संथ कप्पे अजून भरतच असतात, आणि वर आल्यावर त्रास बहुधा तेच देतात. अमेरिकी नौदलाने ५२ मीटरवर ३० मिनिटांच्या हवेच्या डाइव्हवर हे तपासलं. एकूण डेको दोन्हीकडे १७४ मिनिटं. फक्त एका वेळापत्रकात पहिला थांबा २१ मीटरवर, दुसऱ्यात १२ वर. खोल थांब्यांच्या १९८ डाइव्हमध्ये ११ जणांना बेंड्स (शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा त्रास), उथळ थांब्यांच्या १९२ मध्ये ३. ती वेळापत्रकं जीएफची नव्हती, पण दिशा स्पष्ट आहे. २०/८५ हे कागदावर सावध दिसतं. मला ते उलटं वाटतं. लो ५० च्या खाली नेण्याचं कारण मला दिसत नाही. ५०/८० किंवा ६०/८० पासून सुरुवात करा. परिस्थिती बिघडेल तसा हाय ७० पर्यंत खाली आणा, लो आहे तिथेच राहू द्या.

परिस्थिती बिघडते म्हणजे काय? तर गारठा. खाली अंगात ऊब आणि डेकोत थंडी ही सर्वात वाईट जोडी आहे: रक्ताभिसरण जोरात असताना नायट्रोजन भरतो आणि मंदावल्यावर बाहेर पडायचा असतो. तळाशी प्रवाहाविरुद्ध फिन मारावे लागले, रोज डाइव्ह चालू आहेत, पाणी कमी प्यायलात, वय वाढलंय, तर हाय ५ ते १० ने खाली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, म्हणजे पीएफओ, सुमारे चौघांत एकाला असतं आणि बहुतेकांना माहीतही नसतं. आधी त्वचेवरचे किंवा कानाच्या आतल्या भागाचे बेंड्स झाले असतील तर आकड्यांशी खेळत न बसता डायव्हिंग मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा.

टीममध्ये सगळ्यांचे आकडे एकच हवेत, बॅकअप कम्प्युटरचेही. एकाचा ८५ आणि दुसऱ्याचा ७० असेल तर एक जण मोकळा होऊन कंटाळतो आणि दुसऱ्याला घाईला लावतो. शिवाय नायट्रॉक्स (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजनचं मिश्रण) घेऊन कम्प्युटरला हवा सांगणे आणि वर कडक जीएफ लावणे, असा दुहेरी सावधपणा करू नका. पीपीओटूचा, म्हणजे ऑक्सिजनच्या आंशिक दाबाचा, हिशोब चुकतो आणि खरी मर्यादा नेमकी कुठे आहे हेच कळेनासं होतं.

सर्वात सोयीची पद्धत अशी: सक्तीच्या डेकोसाठी हाय ८० ठेवा आणि कम्प्युटरवर सर्फजीएफ (आत्ता थेट वर गेलो तर जीएफ किती होईल तो आकडा) दिसत असेल तर सीलिंग (ज्याच्या वर जायचं नाही ती खोली) संपल्यावरही तो ७० वर येईपर्यंत शेवटच्या थांब्यावर थांबा. गॅस आहे, थंडी नाही, लाटा शांत आहेत तोवर. साथीदाराला त्रास होऊ लागला, हुडहुडी भरली किंवा रेग्युलेटर फ्री-फ्लो झाला, तर डेको न मोडता त्याच क्षणी वर निघता येतं. तेच ७० सक्तीचे असते, तर कम्प्युटर सीलिंग मोडल्याचा अलार्म देत राहिला असता.