काढून टाकण्याआधी बरंच काही करता येतं

मानवी हक्क तुडवणाऱ्या देशाला आंतरराष्ट्रीय संघटनेत ठेवायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. सदस्यत्वाला अट हवीच, असं माझं ठाम मत आहे. पण ती मोडल्यावर थेट हकालपट्टी हा फार लंगडा उपाय आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ६ घ्या. सनद सतत मोडणाऱ्या सदस्याला काढता येतं, पण आधी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते. म्हणजे पाच कायम सदस्यांपैकी एकाचा नकाराधिकार पुरे. १९७४ साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या हकालपट्टीचा ठराव अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने असाच पाडला. हे कलम आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही.

युरोप परिषदेत (युरोपीय महासंघ वेगळा, ही आज ४६ देशांची संघटना) नकाराधिकार नाही. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर १६ मार्च २०२२ रोजी तिने रशियाला काढलं. ते टाळता येण्यासारखं नव्हतं. पण सहा महिन्यांनी, १६ सप्टेंबरला, रशिया या संघटनेच्या युरोपीय मानवी हक्क करारातूनही बाहेर पडला. त्या तारखेनंतर छळ झालेल्या रशियन कैद्याला हा करार राबवणाऱ्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागता येत नाही. सरकारला धडा शिकवताना दार बंद झालं ते कैद्याचं, आणि हे मला फार खुपतं.

त्याच करारात कलम ४६(४) आहे, त्याची चर्चा क्वचितच होते. देश न्यायालयाचा निकाल पाळत नसेल, तर मंत्री समिती (युरोप परिषदेतल्या सदस्य सरकारांची समिती) दोन तृतीयांश मतांनी प्रकरण पुन्हा न्यायालयाकडे पाठवते. तिथे एवढंच तपासतात, की निकाल पाळला की नाही. अझरबैजानचे विरोधी नेते इल्गर मम्मादोव यांच्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये हे कलम पहिल्यांदा वापरलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ते तुरुंगाबाहेर आले. दरवेळी असं होत नाही. तुर्कस्तानात तुरुंगात असलेले उद्योजक आणि हक्क कार्यकर्ते उस्मान कवाला यांच्या प्रकरणात २०२२ साली तुर्कस्तान दोषी ठरला, तरी सरकारने त्यांना सोडलं नाही.

खरी चाळणी प्रवेशालाच लागायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत ४७ जागा आहेत, निवडून यायला आमसभेची ९७ मतं लागतात. घोळ होतो तो प्रादेशिक गटांत: जागा तेवढेच उमेदवार उभे करतात, मग मतदान नावापुरतं उरतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्व युरोपच्या दोन जागांसाठी तिघे उभे राहिले. बल्गेरियाला १६०, अल्बानियाला १२३ मतं पडली. रशिया ८३ वर अडकला आणि बाहेर राहिला.