८०८६ लॉग: ठिपका २५७ वरच अडकला होता, अखेर सुटला

मी ८०८६ (इंटेलचा जुना प्रोसेसर) साठी असेंब्लीत डॉसचा छोटा प्रोग्राम लिहितोय, स्क्रीनवर ठिपका सरकवणारा. मागच्या आठवड्यात मोड १३ हेक्स (हेक्स म्हणजे १६ च्या पायातला आकडा; हा ग्राफिक्स मोड, दर पिक्सेलला एक बाइट) मधला ठिपका फडफडत होता म्हणून डबल बफर करायला घेतला, म्हणजे चित्र आधी मेमरीतल्या बफरमध्ये काढायचं आणि मग एकदम स्क्रीनवर कॉपी करायचं. ३२० गुणिले २०० म्हणजे ६४००० बाइट, आणि कॉम फाइलमध्ये (डॉसचा साधा प्रोग्राम) कोड, डेटा, स्टॅक (तात्पुरत्या गोष्टी ठेवायची जागा) सगळं एकाच ६४ केबीत, त्यामुळे बफरला वेगळा सेगमेंट, म्हणजे मेमरीचा वेगळा तुकडा, लागणारच. डॉसकडे फंक्शन ४८ हेक्सने ४००० पॅराग्राफ (एक पॅराग्राफ म्हणजे १६ बाइट) मागितले तर कॅरी सेट (चूक झाल्याची खूण) आणि एरर ८, मेमरी नाही! कारण कॉम प्रोग्राम सुरू होतानाच जवळजवळ सगळी मोकळी मेमरी त्याच्या नावावर असते, आधी फंक्शन ४ए हेक्सने ती कमी करून परत द्यावी लागते. स्टॅक ६४ केबीच्या टोकाला असतो म्हणून मी पूर्ण ४०९६ पॅराग्राफ स्वतःकडे ठेवले, बाकीचे सोडले, मग बफर लगेच मिळाला.

पण खरी गंमत पुढे. पहिली फ्रेम बरोबर यायची आणि दुसरीपासून ठिपका उजवीकडे उडी मारून तिथेच चिकटायचा. डॉसबॉक्सच्या (डॉसचा एम्युलेटर) डीबगरमध्ये बघितलं तर ठिपक्याची आडवी जागा ठेवणारं एक्स व्हेरिएबल वाचल्यावर एएक्स रजिस्टरमध्ये कायम ०१०१ हेक्स, म्हणजे २५७. आणि माझ्या बॅकग्राउंडचा रंग १ आहे! रंग २ करून बघितला तर ०२०२ आलं, म्हणजे ५१४, आणि ठिपका एक ओळ खाली १९४ वर जाऊन बसला. तेव्हा पेटली ट्यूब, मी व्हेरिएबल नाही, बफरमधले पिक्सेल वाचत होतो.

झालं असं की रेप मूव्हएसडब्ल्यू ही कॉपीची सूचना डीएस:एसआय मधून उचलून ईएस:डीआय मध्ये टाकतं (डीएस, ईएस ही सेगमेंट सांगणारी रजिस्टर, आणि व्हेरिएबलही डीएसमधूनच वाचली जातात), म्हणून कॉपीआधी डीएसमध्ये बफरचा सेगमेंट भरला आणि परत आणलाच नाही, मग एक्स वाढवला तरी तो आकडा बफरमध्येच जायचा आणि पुढच्या फेरीत रंगाखाली पुसला जायचा. बफरचा सेगमेंट बीपी रजिस्टरमध्ये धरून ठेवलेला म्हणून निदान तो तरी शाबूत राहिला, तोही व्हेरिएबलमध्ये असता तर दुसऱ्या फ्रेमला मशीनच लटकलं असतं.

उपाय दोन ओळींचा, कॉपीआधी पुश डीएस (स्टॅकवर जपून ठेवणं), नंतर पॉप डीएस (परत आणणं). आता मी प्रत्येक रूटीनच्या वर कॉमेंट लिहितो, आत येताना डीएस कुठे, बाहेर जाताना कुठे. खरंच करा हे, खूप वेळ वाचतो.

ठिपका आता मस्त सरकतोय, पण मध्येच आडवी चीर दिसते, म्हणून पुढच्या वेळी ३डीए हेक्स पोर्टचा बिट ३ बघून रिट्रेसला (स्क्रीन एकदा पूर्ण रंगवून पुन्हा वर जायची वेळ) थांबायचं आणि मगच कॉपी.