अंजनाच्या टेकडीवरची मोजदाद

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातला मुलगा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतो म्हटल्यावर तो पुढे टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा टाकणार, असे गावात सगळेच गृहीत धरतात. मी मात्र वनस्पतींच्या समष्टींची (म्हणजे एका ठिकाणी वाढणाऱ्या एकाच जातीच्या झाडांच्या समूहांची) परिस्थितिकी आणि उत्क्रांती हा विषय घेतला आणि अभ्यासासाठी अंजनाचे झाड निवडले. सातपुड्याच्या पायथ्याला आणि धुळ्याकडच्या कोरड्या, मुरमाड टेकड्यांवर हे झाड सगळ्यांच्या ओळखीचे आहे, पण त्याचा पाला आणि लाकूड यांपलीकडे त्याची चौकशी फारशी कोणी करत नाही.

रस्त्यावरून पाहिले तर टेकडी अंजनाने भरलेली दिसते आणि जंगल बरे चालले आहे असे वाटते. समष्टीचा अभ्यास करणाऱ्याला एवढ्यावर थांबता येत नाही. दोरीने चौकट आखायची, तिच्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायचा, त्याहून लहान रोपांची वेगळी नोंद करायची आणि मग घेर हा वयाचा अंदाज मानून घेरानुसार गट पाडायचे. पुढची पिढी नीट तयार होत असेल तर लहान झाडे खूप आणि मोठी कमी अशी उतरती मांडणी मिळायला हवी. मी पाहिलेल्या काही टेकड्यांवर मात्र एकीकडे जाड खोडांचे जुने अंजन आहेत, दुसरीकडे गवतात लपलेली रोपे आहेत आणि मधला मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या खोडांचा गट जवळजवळ नाहीच. जुनी झाडे उभी आहेत तोवर ही पोकळी लांबून कोणाच्या लक्षात येत नाही.

या पोकळीचे कारण शोधायचे तर बियांपासून सुरुवात करावी लागते. अंजनाची शेंग चपटी, पातळ आणि वाळल्यावर कागदासारखी हलकी असते. तिच्या टोकाशी एकच बी असते आणि एप्रिल-मेच्या वाऱ्यावर ती झाडापासून दूर जाऊन पडते. भरघोस बी दर वर्षी येत नाही, मध्ये काही वर्षे जवळपास रिकामी जातात. चांगल्या वर्षी पहिल्या पावसानंतर रोपांची दाटी होते खरी, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांतली बहुतेक सुकून जातात आणि उरलेल्यांवर शेळ्या व वणवे यांची पाळी असते. नाल्याची दरड ढासळली की आत काय चालले आहे ते उघडे पडते: वर बोटभर उंचीचे रोप आणि खाली हातभर खोल गेलेले सरळ सोटमूळ. वरचा भाग चरला किंवा जळला, तरी मूळ शाबूत असेल तर नवा धुमारा फुटू शकतो. त्यामुळे गुडघाभर रोप म्हणजे गेल्या वर्षीचे बी, असे ठामपणे म्हणता येत नाही. घेरावरून वय काढण्याची ही पद्धत त्यामुळे नेमकी लहान झाडांच्याच बाबतीत सर्वांत कच्ची ठरते.

उत्क्रांतीचा प्रश्न याच टप्प्यावर उभा राहतो, कारण निवड मुख्यतः इथेच होते: हजारो रोपांतून कोणती थोडी जगतात, यात. खोल मुळाचे रोप जगले, हे खरे असले तरी ते मूळ वारशाने खोल होते की तिथला मुरूम भुसभुशीत होता म्हणून? हा भेद समजायला केळीचा बाग फार उपयोगी पडतो. एकाच खुंटाचे मुनवे दोन शेतांत लावले, तर एका शेतात घड भरतो आणि दुसऱ्यात बारीक राहतो. वाण तेच असते, फरक पडतो तो जमीन, पाणी आणि खताने. क्लॉसेन, केक आणि हिझी या संशोधकांनी कॅलिफोर्नियात नेमके हेच केले होते. एका रोपाचे तुकडे करून त्यांनी ते समुद्रसपाटीजवळ, मध्यम उंचीवर आणि सुमारे ३,००० मीटरवर लावले आणि त्यांचे निष्कर्ष १९४० पासून प्रसिद्ध झाले.

अंजनाचे असे तुकडे करून भागत नाही. म्हणून वेगवेगळ्या टेकड्यांवरच्या झाडांचे बी, मातृवृक्षानुसार वेगळे ठेवून, एकाच मातीत पेरायचे ठरले आहे. टेकड्यांच्या मध्ये कपाशी आणि मक्याची शेते पसरल्यामुळे काही ठिकाणी मोजकीच झाडे उरली आहेत. निवडीसारखे कारण नसेल तर जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते, असे सांगणारे हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये मांडलेले समीकरण फार मोठी समष्टी गृहीत धरते. एवढ्याशा समष्टीत निव्वळ योगायोगानेही जनुकांचे प्रमाण बदलू शकते. त्यासाठी डीएनएची तपासणी हवी, हे मान्य आहे. पण विभागात सगळा जोर तिच्यावरच असतो आणि टेकडीवरची मोजदाद दुय्यम मानली जाते, हे मला पटत नाही. कोणते रोप जगले आणि कोणते मेले हे ठाऊक नसेल, तर जनुकांचा तक्ता वाचायचा कशावरून?

अंजनाचे आयुष्य प्रबंधाच्या मुदतीत मावणारे नाही, म्हणून माझे काम पहिल्या दोन हंगामांतल्या रोपांपुरतेच मर्यादित आहे. पेरणी रोपवाटिकेतल्या नेहमीच्या पिशव्यांऐवजी उंच प्लास्टिकच्या नळ्यांत करणार आहे, कारण पिशवीच्या तळाशी सोटमूळ गुंडाळले की लांबीच्या मोजमापाला अर्थ राहत नाही.