जहाज सुटायच्या आत: नुनावुतमधला माझा अनुभव

अपंग माणसाला स्वतःच्या गावात राहता यावं यासाठी कोणकोणते कागद लागतात आणि ते कोणत्या महिन्याच्या आत हातात पडावे लागतात, हे मी नुनावुतमध्ये शिकले. आर्क्टिकमध्ये किंवा कुठल्याही आडवाटेच्या भागात ज्यांना हे काम करायचं आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून एका मुलाची हकिगत लिहिते. त्याची आणि त्याच्या आजीची संमती आहे, पण वस्ती लहान आहे, त्यामुळे नावं देत नाही.

नुनावुत म्हणजे कॅनडाच्या उत्तरेचा इनुइट लोकांचा प्रदेश. १ एप्रिल १९९९ रोजी तो वेगळा झाला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास सातपट, आणि २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या ३६,८५८. वस्त्या २५, आणि एका वस्तीतून दुसरीकडे जाणारा रस्ता नाही. माणसं विमानाने जातात. घर बांधायचं सामान, वाहनं, इंधन असं जड काही असेल तर ते उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने येतं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार किंवा अपंगत्वानंतर माणसाला रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी. शिक्षण नागपूरचं, नोकरी नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतला, आणि तिथून बाफिन बेटावरच्या छोट्या वस्त्यांमध्ये माझी फिरती असते.

२०२२च्या शरदात या मुलाची एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालवायची छोटी चारचाकी, खडकांवरून उलटली. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. कण्याला मार बसला आणि कमरेखालची ताकद गेली. बाफिनचे गंभीर रुग्ण ओटावाला नेतात, तसं त्यालाही नेलं. आजी सोबत गेल्या. शस्त्रक्रिया झाली, पुनर्वसन सुरू झालं. तिथे उपचार चांगले मिळाले, हे मी मनापासून सांगते. प्रश्न आला तो घरी पाठवायच्या वेळी. वस्तीत कायमचा डॉक्टर नाही, आरोग्य केंद्र नर्स चालवतात. घराला पायऱ्या, रॅम्प नाही. तेव्हा त्याने दक्षिणेतच एखाद्या निवासी केंद्रात राहावं, असा विचार पुढे आला. सुचवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण अशा केंद्रात एकदा गेलेली उत्तरेची माणसं बहुधा तिथेच राहून जातात. आपली भाषा बोलणारं कोणी नाही, सीलचं मांस नाही, शिकारीला जाणारे काका-मामा नाहीत. आजींनी दुभाष्यामार्फत एवढंच सांगितलं, ‘तो घरी येणार. घरात काय बदल करायचे ते तुम्ही सांगा.’

त्या वाक्यानंतर माझं काम ठरलं. घरात काय लागेल ते लिहायचं, पैसे कोण देईल ते शोधायचं, आणि सगळं २०२३च्या जहाजावर चढवायचं. जहाज हुकलं की पुढचं वर्ष. मोठा रॅम्प विमानाने आणायचा म्हटलं तर भाड्यातच अर्धं बजेट उडतं, आणि छोट्या विमानात तेवढे लांब भाग मावतातच असं नाही.

हे वेळापत्रक मला परकं वाटलं नाही. नागपूरला असताना भामरागडकडच्या शिबिरांना जायचे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून तिथली माणसं प्रत्येक गोष्ट ‘पावसाआधी’ की ‘पावसानंतर’ अशीच बोलायची. इथे पावसाच्या जागी बर्फ आहे. अडचण अशी की मंजुरी देणारी कार्यालयं ३१ मार्चला संपणाऱ्या आर्थिक वर्षाने चालतात, आणि मॉन्ट्रियलजवळच्या बंदरात माल पोहोचवायची मुदत जहाजांच्या वेळापत्रकाने ठरते. या दोन्हींचा मेळ कोणी घालून देत नाही. तो थेरपिस्टलाच घालावा लागतो.

पहिलं काम घराचं. इथली जमीन खोलवर कायम गोठलेली असते. घराच्या उबेने ती वितळली तर घर खचेल, म्हणून घरं खांबांवर किंवा लोखंडी सांगाड्यावर उचललेली असतात. या घराचा उंबरठा जमिनीपासून मीटरभर वर होता. एकास बारा उतार धरला तर बारा मीटरचा रॅम्प, शिवाय मध्ये सपाट जागा. कागदावर मी तो दारापासून सरळ पुढे काढला होता. घर सरकारी गृहनिर्माणाचं, त्यामुळे त्यांची परवानगीही लागणारच होती. पण नकाशा घेऊन मी आधी गेले मुलाच्या मामांकडे आणि पाण्याचा टँकर चालवणाऱ्याकडे.

टँकरवाल्याने बघताक्षणी सांगितलं की हा रॅम्प पाणी भरायच्या तोंडासमोर येतोय. इथे जमिनीखालून नळ नाहीत. घरात पाण्याची टाकी असते, टँकर येऊन बाहेरून पाइप लावतो. सांडपाण्याची टाकीही तशीच बाहेरून उपसली जाते, आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचं तेलही बाहेरूनच भरतात. माझ्या नकाशाप्रमाणे रॅम्प बांधला असता तर घराचं पाणी अडलं असतं. मामांनी दुसरी गोष्ट दाखवली. घराच्या मागच्या बाजूला वारा बर्फ आणून टाकतो, छातीएवढा ढीग होतो. पूर्वेची भिंत मात्र वाऱ्याने साफ राहते. मग रॅम्प पूर्वेच्या भिंतीलगत घेतला, एक वळण वाढवलं, आणि फळ्यांऐवजी लोखंडी जाळी मागवली. जाळीतून बर्फ खाली पडतो, साचून घसरडं होत नाही. दक्षिणेतल्या कुठल्याही नियमपुस्तकात टँकरच्या पाइपची लांबी दिलेली नसते. ती विचारावी लागते, आणि विचारायला त्या वस्तीत जावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर व्हीलचेअर, गादी, कॅथेटर यांसाठी इनुइट लोकांना केंद्र सरकारची आरोग्य लाभांची योजना आहे, नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स. त्यासाठी आधी मंजुरी घ्यावी लागते. रॅम्प आणि घरातल्या बदलांसाठी आम्ही इनुइट चाइल्ड फर्स्ट इनिशिएटिव्ह या इनुइट मुलांसाठीच्या केंद्राच्या व्यवस्थेकडे अर्ज केला. या व्यवस्थेमागे जॉर्डन रिव्हर अँडरसन या मुलाची गोष्ट आहे. तो मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाउस क्री नेशन या आदिवासी समुदायाचा. त्याच्या घरच्या देखभालीचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर वाद चालू राहिला आणि २००५ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो रुग्णालयातच वारला. एक दिवसही तो स्वतःच्या घरी राहिला नाही. आधी मुलाची गरज भागवा, खर्चाचा वाद मागून मिटवा, हे तत्त्व त्याच्या नावाने २००७ मध्ये कॅनडाच्या संसदेने मान्य केलं. ते फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे क्रींसारख्या इनुइटांहून वेगळ्या आदिवासी समुदायांच्या, मुलांसाठी. इनुइट मुलांसाठीची व्यवस्था त्यानंतरची. ती सज्ञान होईपर्यंत मिळते, आणि नुनावुतमध्ये सज्ञान वय एकोणीस. आमच्या मुलाच्या हातात फार वेळ नव्हता.

अर्ज एका कार्यालयातून परत आला. जन्मदाखल्यावरचं आडनाव आणि आरोग्य कार्डावरचं आडनाव यांत एका अक्षराचा फरक होता. हे इथे सर्रास होतं, आणि त्यात कुटुंबाचा दोष नसतो. इनुइट लोकांत आडनाव लावायची रीतच नव्हती. १९४१पासून सरकारने त्यांना नंबर कोरलेल्या चकत्या दिल्या, आणि सरकारी कागदांवर माणूस त्या नंबराने ओळखला जाऊ लागला. पुढे १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक हे इनुइट गृहस्थ सरकारच्या वतीने वस्त्यावस्त्यांत फिरून आडनावं नोंदवत होते. रोमन लिपीत जो कारकून जसं ऐकेल तसं लिहीत गेला. आजींना लहानपणचा आपला नंबर अजून तोंडपाठ आहे. आम्ही हॅम्लेटच्या, म्हणजे वस्तीच्या स्थानिक प्रशासनाच्या, कार्यालयातून दोन्ही स्पेलिंगची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र करून घेतलं आणि ते प्रत्येक अर्जाला जोडलं. तुम्ही इथे काम करणार असाल तर हे शपथपत्र पहिल्या आठवड्यातच करून ठेवा.

व्हीलचेअरची निवड व्हिडिओवर झाली. मुलगा तोवर इकालुइतला परतला होता. समोर दक्षिणेतल्या एक बैठकतज्ज्ञ, म्हणजे खुर्चीत कसं बसावं ते ठरवणाऱ्या बाई, इकडे तो, मी आणि दुभाषी. त्या विचारत, खांदा दुखतो का, ही पाठ टोचते का. तो भुवया उचलायचा. त्या थांबायच्या, प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारायच्या. तो परत भुवया उचलायचा, आणि तिसऱ्या वेळी खाली बघायला लागला. इनुइट माणसं भुवया उचलून हो म्हणतात आणि नाक आक्रसून नाही म्हणतात. त्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. नंतर आलेल्या टिपणात लिहिलं होतं, ‘प्रतिसाद कमी, सहभागाची इच्छा दिसत नाही.’ अशी एक ओळ फाइलमध्ये राहिली की पुढे प्रशिक्षणाला, नोकरीला, सगळीकडे ती आडवी येते. मी त्यांना फोन करून समजावलं. त्यांनी लगेच टिपण बदललं, तेही चांगल्या मनाने. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालाची पहिली ओळ ती व्यक्ती उत्तर कसं देते याची असते.

खुर्ची विजेवर चालणारी घ्यायची नाही, हे आम्ही ठरवलं. उणे तीस-पस्तीसला बॅटरी पटकन उतरते आणि बिघाड झाला तर दुरुस्त करणारा वस्तीत नाही. हाताने चालवायची, रुंद टायरची, पुढे जोडायचं एक मोठं चाक असलेली खुर्ची निवडली. ते चाक लावलं की छोटी चाकं उचलली जातात आणि खडी-बर्फात रुतत नाहीत. जेलची गादी थंडीत कडक होते, आणि ज्याला खाली संवेदना नाही त्याला ते कळत नाही. म्हणून हवेची गादी, तीही दोन. एक फाटली तर विमान येईपर्यंत दुसरी. सुरुवातीला दुसरी गादी नाकारली गेली होती. वादळात विमान दिवसचे दिवस येत नाही आणि बसून झालेली जखम चिघळली तर रुग्णाला विमानाने ओटावाला न्यावं लागतं, हे हिशेबासकट लिहिल्यावर ती मिळाली.

रॅम्पची मंजुरी माल पोहोचवायच्या मुदतीच्या तोंडावर आली. पुरवठादाराला मी आधीच मापं पाठवून ठेवली होती, म्हणून जमलं. जहाज आलं तेव्हा मी योगायोगाने तिथे होते. वस्तीला धक्का नाही. जहाज दूर नांगर टाकतं आणि भरतीच्या वेळी सपाट नावांवरून माल किनाऱ्याला येतो. रॅम्पची पेटी उघडायला अख्खी गल्ली जमली होती. जोडायचं काम गृहनिर्माणच्या दोन मिस्त्र्यांनी आणि मामांनी केलं. बर्फ पडायच्या आत मुलगा घरी होता.

तो घरी आला, त्याच्यापुढे शिकारीचा प्रश्न होता. रॅम्प उतरून तो कुठे जाणार? स्नोमोबाइलला जोडायच्या लाकडी घसरगाडीला, कमुतिकला, मामांनी पाठ टेकायची पेटी ठोकली. मी पट्टे कुठे असावेत ते सांगितलं. गादीवर कॅरिबूचं, म्हणजे उत्तरेतल्या रेनडिअरचं, कातडं घातलं, कारण त्याच्याइतकी ऊब कुठल्याच कंपनीची गादी देत नाही. पाय कधी तपासायचे, किती वेळाने अंग हलवायचं, याचा तक्ता इनुक्टिटुटमध्ये, त्यांच्या भाषेत, करून घेतला. तो सील घेऊन परतला त्या संध्याकाळी आजींनी मला इकालुइतला फोन केला. माझ्या नोकरीत याहून आनंदाचा फोन मला आलेला नाही.

आता तो हॅम्लेटच्या कार्यालयात अर्धवेळ काम करतो. पाण्याच्या टँकरसाठी येणारे फोन घेतो, फेऱ्या लावतो. अपंगत्व कर-सवलतीच्या अर्जात, म्हणजे टी २२०१ मध्ये, चालण्याचा भाग ऑक्युपेशनल थेरपिस्टला प्रमाणित करता येतो, डॉक्टरची फेरी होईपर्यंत थांबावं लागत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ती सवलत मंजूर असेल आणि कर-विवरण भरलेलं असेल, तरच जुलै २०२५ पासून सुरू झालेला कॅनडा डिसॅबिलिटी बेनिफिट मिळतो, १८ ते ६४ वयासाठी, सुरुवातीला महिन्याला जास्तीत जास्त २०० डॉलर. उत्तरेतल्या किराण्याच्या दरात ही रक्कम तोकडीच आहे, आणि ती वाढायला हवी. तरी अर्ज भरा. वस्त्यांमध्ये कमाई नाही म्हणून विवरण न भरणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे या लाभातून बाहेर राहतात. अडलं तर इकालुइतची नुनावुम्मी डिसॅबिलिटीज मकिन्नासुआक्तीत सोसायटी ही अपंगांसाठीची संस्था मदत करते.

कॅनडाच्या २०१९च्या सुगम्यता कायद्याने २०४० पर्यंत अडथळे काढायचं ठरवलं आहे. पण तो केंद्राच्या अखत्यारीतल्या बाबींपुरता, वस्तीतल्या घराच्या पायऱ्यांना तो लागू नाही. त्याच गल्लीत मधुमेहाने पाय गमावलेल्या एक बाई राहतात. वय एकोणीसच्या पुढचं, त्यामुळे मुलाला लागू झाली ती व्यवस्था त्यांच्यासाठी नाही. खुर्ची त्यांना मिळाली, रॅम्पसाठी घरबांधणीच्या निधीत रांग आहे. मंजुरीची पत्रं एप्रिल संपायच्या आत निघावीत आणि गाद्या, टायर, चाकं यांचा साठा इकालुइतमध्ये कायम असावा, असं मी वरिष्ठांना लेखी कळवलं आहे. बाईंच्या रॅम्पचं माप मी ऑक्टोबरमध्ये, जमीन दिसत होती तेव्हाच घेतलं, आणि अर्ज शपथपत्रासकट नाताळच्या आधी दिला. अजून उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी मी फोन करते.