ईज पडली आणि पंखा शिट्टी मारायला लागला

साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या बाजूला, पवनचक्कीच्या ब्लेडचं रिपेअरिंग करतो मी, दोरीवर लटकून. रोहिणी संपत आलेली, मृगाला दोन दिवस बाकी. आदल्या संध्याकाळी पाऊस चार थेंब आणि विजा मात्र नुसत्या कडाडत होत्या. सकाळी सहाला वॉचमन आबांचा फोन, "भाऊ, तुना पंखा रातभर शिट्टी मारी राहिना, ईज पडनी तवयपासून."

कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर सगळं नॉर्मल, एक अलार्म नाही, जनरेशन चांगलं. साहेब म्हणाले सीझनचा वारा आहे, दुपारनंतर बघू. पण आबा त्या मशीनखाली कित्येक वर्षं बसतात, तिचा आवाज त्यांना पाठ आहे, मी हट्टच धरला आणि मशीन थांबवून घेतलं.

रोटर लॉक केला, ब्लेड सरळ खाली आणलं आणि उतरलो. टोकाजवळ मागची कड दीडेक मीटर उकललेली, वाळलेली शेंग तडकते तशी, आत काळं आणि जळलेल्या रेझिनचा, म्हणजे ब्लेडमधल्या गोंदासारख्या राळेचा, वास. त्या फटीतून वारा जायचा तीच शिट्टी. अजून दोन दिवस फिरलं असतं तर टोक तुटून खाली कुणाच्या शेतात गेलं असतं, मला तिथंच घाम फुटला.

आता हे नीट सांगतो कारण गावात लोकांना वाटतं वीज पडली म्हणजे ब्लेड फुटणारच. तसं नाहीये. ब्लेड ग्लास फायबर आणि रेझिनचं, आतून पोकळ, ग्लास करंट वाहून नेत नाही, म्हणून टोकाला धातूची चकती बसवतात, तिला रिसेप्टर म्हणतो आम्ही, तिच्यापासून आतून जाड केबल थेट मुळापर्यंत, तिथून हब (जिथं ब्लेड बसतात), नॅसेल (वरची मशीनची पेटी), टॉवर आणि जमिनीत अर्थिंग. घरातली एमसीबी १६ नाहीतर ३२ अँपिअरची असते, ही सिस्टीम २ लाख अँपिअरच्या झटक्यासाठी बनवतात. वीज अडवायची नसतेच, तिला सलग वाट द्यायची असते.

आणि चकतीवर वितळल्याची ताजी खूण होती! म्हणजे वीज बरोबर जागेवर बसलेली. मग फुटलं का? मीटरची एक वायर चकतीला, दुसरी मुळाशी लावली तर सर्किट उघडं, म्हणजे वाट मध्ये कुठंतरी तुटलेली. कापून बघितलं तर केबलचा लग, म्हणजे टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड, चकतीच्या ब्लॉकला जोडलेलाच नव्हता, चार बोटं लांब पडलेला, टोक जळालेलं. मागच्या सीझनला दुसऱ्या टीमनं टोकाचं काम केलं होतं, लग परत बसवायचा राहिला आणि वरून बंद करून टाकलं. वीज चकतीत शिरली आणि त्या चार बोटांच्या अंतरात आतल्या बंद हवेत ठिणगी होऊन उडाली, हवा आणि ओल क्षणात तापून फुगली, आतून दाबानं चिकटवलेली कड उघडली.

त्यांचा रिपोर्ट काढला. "कंटिन्युइटी ओके", म्हणजे वाट सलग आहे. रीडिंग नाही, आकडाच नाही. त्या एका ओके शब्दाचा मला आजही राग येतो.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला विमानाचं उदाहरण दिलं होतं. बोइंग ७८७ च्या वजनात जवळपास निम्मं कंपोझिट, म्हणजे फायबर आणि रेझिनचं मिश्रण, त्यातलं कार्बन फायबर करंट नेतं पण ॲल्युमिनियमच्या मानानं फारच कमी, त्यामुळं ते तापून रेझिन जळतं, म्हणून रंगाखाली तांब्याची बारीक जाळी घालतात. रिपेअर करताना नवी जाळी जुन्या जाळीवर चढवून जोडायची, आणि वर रंगही जाड मारायचा नाही, नाहीतर वीज एकाच जागी थांबून खोल खड्डा पाडते. तिकडं जाळी, इकडं केबल, पण वाट मध्येच तुटली की दोन्हीकडं तेच.

दिवसभर वारा वाढत गेला म्हणून त्या दिवशी फक्त फट बांधून ठेवली. खरं काम पुढचे चार दिवस पहाटे पहाटे केलं, लग नवा दाबून बसवला, थर घासून ग्लास लावला. बंद करायच्या आधी चकतीपासून मुळापर्यंतचा रोध मोजला, १९ मिलीओहम, म्हणजे वाट सलग. तो आकडा मी स्वतः रिपोर्टमध्ये लिहिला, मीटरच्या फोटोसकट, आणि साहेबांना सांगितलं आकड्याशिवाय मी सही करणार नाही. ते हो म्हणाले. बाकी दोन्ही ब्लेड पण मोजली, ती ठीक निघाली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मशीन चालू केलं, आबा खाली मान तिरपी करून बराच वेळ ऐकत उभे होते. मग म्हणाले, "आते गप शे." पश्चिमेला परत आभाळ भरून आलं होतं.